तळाशी एक बूच

तेल आत घालायला भोक आहे,
बाहेर काढायला नाही.
मागच्या अ‍ॅक्सलचा हा लोखंडी गोळा
चाळीस वर्षं तसाच, तुडुंब.
"देनेवाले ने मुँह दिया, बाकी भूल गया,"
हफीज़मियाँ जीपखालून म्हणतात.
बाहेर फक्त त्यांचे जोडे दिसतात.

बाबांनी ही पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली,
साडेअकरा हजारांना.
तेव्हापासून दर दिवाळीआधी
बाजूच्या भोकात करंगळी घालून बघायचे.
ओली लागली तर ठीक.
कोरडी लागली तर पावशेर ओतायचे वरून,
खालचं खालीच.
आमच्या घरात बऱ्याच गोष्टींची
हीच रीत होती.

कव्हरचे दहा बोल्ट.
नऊ सुटले, सातवा अडून बसला,
त्याला रॉकेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या,
मग चहा झाल्यावर आपणहून फिरला.
आणि वास आला:
विझलेल्या काडीचा, कुजक्या लसणीचा,
बंद कपाटातल्या कुणाच्या तरी कोटाचा.
तेल सांडलं नाही. काकवीसारखं
विचार करत करत उतरलं ट्रेमध्ये.
वर चंदेरी साय.

मियाँचा नातू इम्मू तळाचा गाळ बोटांनी चाचपत होता.
"दादा, कुछ है."

दाताचा टवका.
करंगळीच्या नखाएवढा,
एक बाजू अजून धारदार,
बाकी सगळा झिजून गुळगुळीत,
खिशात विसरलेल्या खडीसाखरेसारखा.

मानपूरचा घाट. मी दहा वर्षांची,
मागच्या बाकावर, मांडीवर धपाट्यांचा डबा.
बुडाखालून आलं: टक्.
एकदाच.
बाबा, काय वाजलं?
काही नाही.
पण वाजलं.
तुझे कान वाजले.

मग आई म्हणाली, शहाणपणा पुरे.
मग बरीच वर्षं मला काही ऐकू आलं
की मी आधी कानालाच विचारायची.
आणि बाबा
त्या दिवसानंतर घाटात कधी बोलत नसत.
मला वाटायचं, रागावलेत.
ऐकत असायचे.

पोलोग्राऊंडला प्रल्हाद खरादीने
एक कडं कातून दिलं, आत आटे पाडून.
कव्हर जाड पाटावर आवळलं,
नाहीतर आचेने कढईसारखं वाकतं
आणि मग जन्मभर गळतं.
एक टाका इकडे. एक समोर. मग थांब.
हात लावून बघ. मग पुढचा.
मी घड्याळ बघत होते तर म्हणाला,
ताई, लोखंडाला घाई कळत नाही.

सियागंजातून बूच आणलं,
टोकाला लोहचुंबकवालं, तांब्याच्या वॉशरसकट.
दुकानदाराने ते काउंटरवरच्या टाचण्यांना लावून दाखवलं,
मला उगाच हसू आलं.

"भोक अगदी तळाला नाही बसत,"
मियाँ हात पुसत म्हणाले,
"कव्हर की किनार आडे आती है.
कटोरीभर तो फिर भी रहेगा."
चालेल, म्हटलं.
नव्वद नंबरचं नवं तेल मधासारखं गेलं आत.
करंगळी मीच घातली.
ओली.

संध्याकाळी टवका बाबांच्या तळहातावर ठेवला.
त्र्याऐंशी वर्षांचा तळहात, थोडा थरथरता.
त्यांनी तो दिव्याकडे धरला, उलटा केला,
अंगठ्याने धार चाचपली.
खालच्या गल्लीत कुणी स्कूटर चालू करत होतं,
होत नव्हती.

"हा क्राउनचा नाही," म्हणाले.
"पिनियनचा आहे."

मी काही बोलले नाही.
जरा वेळाने त्यांनीच विचारलं,
बूच कितीच्या पान्याने उघडतं?
सतरा, मी म्हटलं.
सतरा, ते म्हणाले,
आणि टवका चष्म्याच्या घरात ठेवून दिला.